मे महिन्यात रोडगे पार्टी? करा की, पण जरा डोकं लावून!

मे महिना म्हणजे सगळी गँग घरी! पुण्यात आयटीवाला दादा, मुंबईची बँकवाली ताई, मामेभाऊ, आतेबहिणी, शाळेतले मित्र, सगळे अमरावती-अकोल्यात हजर. मग दुसऱ्याच दिवशी कुणीतरी पिल्लू सोडतं, ‘चला बे, वावरात रोडगे करू!’ झालं, प्लॅन फिक्स.

खरं सांगायचं तर एवढा मस्त कुकआऊट जगात शोधून सापडणार नाही. शहरात आपण बार्बेक्यूसाठी डोक्यामागे हजार-हजार रुपये मोजतो आणि इथे वऱ्हाडात गवऱ्यांच्या आरात खरपूस भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, तुरीचं वरण आणि वरून तुपाची धार! पण हा बेत मे महिन्यात असेल, तर त्याचं प्लॅनिंग हवंच. मागच्या वर्षी आम्ही ते केलं नाही. सकाळी 11 वाजता आर पेटवला, दीड वाजता काकांना भोवळ आली. आई तर दिवसभर कणीक मळत नि भाजी ढवळत होती. संध्याकाळी ग्रुप फोटो पाहिला, तर त्यात आईच नव्हती!

तेव्हा फ्रेंड्स, या वर्षी या टिप्स लक्षात ठेवा.

टायमिंग सांभाळा

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाऊ शकतो. त्यात आगीजवळ बसणं म्हणजे आजाराला आमंत्रणच. पार्टी संध्याकाळी ठेवा. साडेपाचला गवऱ्या पेटवा, सव्वासहापर्यंत ज्वाळा विझून छान निखारे होतात. रोडगे तेव्हाच टाका. सूर्य सातच्या आसपास मावळतो, तोवर पंगत बसायला तयार!

आजी-आजोबा आणि लेकरांची जागा आगीपासून लांब आणि वारा येतो त्या बाजूला ठेवा. दम्याचा त्रास असणाऱ्यांना धुरात बसवू नका. कुणाला गरगरलं, तर सावलीत झोपवा, अंगावर ओलं फडकं फिरवा, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या. बडबड असंबद्ध वाटली किंवा शुद्ध हरपली, तर वाट बघू नका, लगेच 108 ला फोन करा.

कामं वाटून घ्या

इथेच बहुतेक पार्ट्या फसतात. ‘आई करेल’ हा ऑप्शन आधीच बाद करा! 15 जणांसाठी साधारण 3 किलो जाडसर दळलेली कणीक, 3 किलो वांगी आणि किलोभर तुरीची डाळ पुरते. वरण दुपारीच घरी कुकरला लावा, वावरात फक्त फोडणी द्या. वांगी चिरायला दोघं, आर सांभाळायला एक, वाढायला दोघं. नावं आदल्या रात्रीच ठरवा.

कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून ती घट्ट भिजवा. लहान लहान पाऱ्यांना तेल लावून त्या एकावर एक ठेवा, बाहेरून एक मोठी पारी गुंडाळून गोळा बंद करा. हे काम सगळ्यांनी गोल करून करायचं. गप्पांच्या नादात 30-40 रोडगे कधी होतात, कळतही नाही! आईला विचारायचं ते एवढंच, ‘मोहन पुरेसं आहे ना?’ बाकी तिने खुर्चीत बसून ऑर्डर सोडायच्या.

मेन्यू आटोपशीर ठेवा

सोबत कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि जवसाची चटणी. एक रोडगा गूळ-तुपात कुस्करला की स्वीट डिशही तयार. कोल्ड्रिंकऐवजी माठातलं पाणी, कैरीचं पन्हं आणि मठ्ठा भरपूर ठेवा. मठ्ठा आणि टरबुजाच्या फोडी मात्र बर्फाच्या डब्यातच. एवढ्या उन्हात शिजवलेलं अन्न तासाभराच्या वर उघड्यावर राहू देऊ नका. उरलंसुरलं ‘उद्या खाऊ’ म्हणून गाडीत ठेवून विसरलात, तर दुसरा दिवस दवाखान्यात!

आगीशी मस्ती नको

मे महिन्यात वावर कडकडीत वाळलेलं असतं. पऱ्हाट्यांचे, तुराट्यांचे ढीग, बांधावरचं गवत, सगळं एका ठिणगीची वाट बघत असतं. आर मोकळ्या जमिनीवर पेटवा, भोवती चारही बाजूंनी गवत काढा आणि पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा. वारा सुटला असेल तर बेत रद्द. ‘काही नाही होत बाप्पा’ म्हणणाऱ्या मित्राचं अजिबात ऐकू नका. तुमच्या पार्टीपायी शेजारच्या शेतकऱ्याचा गोठा किंवा वर्षाचा चारा जळाला, तर तो भरून कोण देणार? निघताना राखेवर पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा ओता. गवरीचा निखारा राखेखाली बराच वेळ जिवंत राहतो.

चिखलदऱ्याला जायचा प्लॅन असेल, तर हौस फक्त गार हवेची ठेवा. मेळघाटचं जंगल 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. राखीव जंगलात आग पेटवणं हा गुन्हा आहे, आणि उन्हाळा हाच वणव्याचा काळ. तिथे डबा घेऊन जा.

वावर नाही? फ्लॅटच्या गच्चीवरही जमतं. सोसायटीची परवानगी घ्या, विटांवर घमेलं ठेवून त्यात वाळूचा थर द्या आणि त्यावर गवऱ्या पेटवा, म्हणजे स्लॅबला चटका बसणार नाही.

आणि हो, शेवटची टिप सगळ्यात सोपी. जेवणं सुरू व्हायच्या आधीच ग्रुप फोटो काढा. आईला मध्ये बसवा. तिच्या हाताला कणीक नसली, की समजा तुमची पार्टी हिट!