एक खेळाडू, अनेक क्षण: संयुक्त छायाचित्र

लांब उडी घेणारा एकच खेळाडू एका चित्रात धावताना, हवेत आणि वाळूत उतरताना दिसतो, ते संयुक्त छायाचित्र. त्यासाठी कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून बर्स्ट मोडमध्ये (बटण दाबलेले असेपर्यंत भराभर फोटो टिपणारी सोय) मालिका घेतात. संगणकावर हे फोटो एकावर एक रचून मास्कने (नको तो भाग झाकणारा पडदा) प्रत्येकातील फक्त खेळाडू उघडा ठेवतात; मैदान एकाच फोटोतले. दाराच्या चौकटीवर मुलाच्या वाढत्या उंचीच्या खुणा करतात, तसेच हे: चौकट एक, वेळा अनेक.

अशा चित्राला अनेकदा सरसकट बनावट ठरवले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक आकृती त्या जागी खरोखर होती, फक्त एकाच वेळी नव्हती.

दुसरा गोंधळ बहुप्रकाशनाशी (एकाच प्रकाशसंवेदी काचेवर किंवा फिल्मवर अनेकदा प्रकाश पाडणे) होतो. त्यात पार्श्वभूमीही पुनःपुन्हा उमटते, म्हणून आकृत्या पारदर्शक, भुतासारख्या दिसतात. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने 1882 पासून एकाच काचेवर हालचालीचे टप्पे टिपले, पण त्यासाठी त्याला काळी पार्श्वभूमी आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसे लागत. मास्कमुळे ती अट उरली नाही.

संथ हालचालीत आकृत्या एकमेकींवर चढतात. तेव्हा मधले फोटो गाळावे लागतात. मात्र उरलेले फोटो समान वेळेच्या अंतराने घेतलेले असले, तरच आकृत्यांमधील अंतरावरून वेगातील चढउताराचा अंदाज येतो. केवळ देखणेपणासाठी फोटो निवडले असतील, तर तो अंदाज बांधू नये.