कालिनाला मुद्देमाल

पहाटे 5. एडवणात राहणाऱ्या हवालदाराला आज कालिना आहे. पोलिसांत एवढं म्हटलं की पुरतं: मुद्देमाल घेऊन सांताक्रूझची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा.

6.30. ठाण्यात मुद्देमाल कारकून पुडकी मोजून देतो. गावठी कट्टा, रिकामी पुंगळी, शवविच्छेदनात निघालेली गोळी. लाखेचं सील, नमुना सील, पत्र, स्टेशन डायरीत नोंद. पत्र हवालदार नीट वाचतो. ‘तपासणी होऊन अहवाल मिळावा’ एवढंच असेल तर तज्ज्ञाने शोधायचं काय? ‘ही पुंगळी याच कट्ट्यातून उडाली का,’ असं विचारायला हवं. प्रकरणं तुंबलेली दिसतात प्रयोगशाळेत, पण तुंबायला सुरुवात इथेच होते, असं माझं मत.

8. सफाळ्याहून गाडी, विरारला बदल. पिशवी मांडीवर. याच मार्गावर 31 जुलै 2023 च्या पहाटे, जयपूर-मुंबई गाडीत, रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने चौघांना गोळ्या घातल्या. हल्लेखोर बंदुकीसकट सापडला, तरी गोळी त्याच बंदुकीची हे कोर्टाला तज्ज्ञच सांगतो.

11. प्रयोगशाळेची खिडकी. सील जुळतं का, वर्णन जुळतं का? नाही जुळलं तर त्रुटी काढून पिशवी परत.

दुपार. आतलं काम हवालदाराला दिसत नाही. कट्ट्यातून पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत चाचणीची गोळी झाडतात. तिची पुंगळी आणि घटनास्थळची पुंगळी तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून फायरिंग पिनचा खड्डा, ब्रीचचे ओरखडे ताडून पाहतात. कारखान्यातल्या पिस्तुलाच्या नळीला आटे असतात, त्यांच्या खुणा गोळीवर उठतात. कट्ट्याची नळी बहुधा साधा गुळगुळीत पाइप. मग गोळी फारसं बोलत नाही, भिस्त पुंगळीवर. इथे घाई नकोच. घाई करायची ती रांगेत. नुसता कट्टा बाळगल्याच्या, शस्त्र कायदा 1959 च्या कलम 25 च्या गुन्ह्यात बहुतेकदा ‘हत्यार चालू आहे का’ एवढंच हवं असतं. त्याच्यामागे खुनाची पुंगळी ताटकळत का ठेवायची? दोन रांगा करा. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाला घटनास्थळी नेण्याची तरतूद आहे, पुडकी वाढणारच.

संध्याकाळी 7. ठाण्यात पोच फाइलला लागते. साहेब विचारतात, “सीए रिपोर्ट कधी?” म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल. आरोपी कोठडीत असेल तर खुनाचं दोषारोपपत्र 90 दिवसांत जायला हवं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून ते ‘रिपोर्ट मागाहून सादर करू’ असं लिहून जातं.