खोली भाड्यानं देण्यापूर्वी



उसाच्या बिलातून चार पैसे मागे टाकून आपल्यापैकी अनेकांनी तालुक्याच्या गावी दोन-चार खोल्या बांधल्या आहेत. शिक्षक, नर्सबाई, बँकेतले कारकून असे भाडेकरू तिथे येतात नि जातात. एक गेला की दुसरा दारात उभा. मग आपण खोली झाडून घेतो, किल्ली हातावर ठेवतो आणि पहिल्या महिन्याचं भाडं मोजून घेतो.

मीही तेच करीत होतो. २०१६ च्या पावसाळ्यात एका शिक्षकांना अशीच घाईनं खोली दिली. आठच दिवसांत त्यांच्या मंडळींनी पाणी तापवायला लोखंडी बादलीत हीटर टाकला. मोरी ओली, अर्थिंगची तार कधीच तुटलेली. पाच वर्षांच्या पोरानं बादलीला हात लावला आणि ते दूर फेकलं गेलं. दैव बलवत्तर म्हणून वाचलं. गुरुजी मला वावगा शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात खोली सोडून गेले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला.

ऊस तुटून गेल्यावर रान आपण तसंच नव्या लागणीला घेतो का? नांगरट, कुळवणी, शेणखत सगळं करतोच ना? खोलीलाही मशागत हवी, आणि ती रिकामी असतानाच करता येते.

पहिलं काम विजेचं. जाणकार वायरमन बोलावून अर्थिंग तपासावं. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. वीज कुठे अंगातून वा ओल्या भिंतीतून जमिनीत उतरू लागली, तर तो क्षणात पुरवठा तोडतो. त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो की नाही, हे बघावं.

दुसरं काम पाण्याचं. स्लॅबवरचा पालापाचोळा काढून पन्हाळी मोकळ्या कराव्यात. टाकी घासून ब्लीचिंग पावडरनं धुवावी. भिंतीला ओल असेल तर आधी पाणी कुठून येतं ते शोधावं. गळका नळ तसाच ठेवून वर रंग दिला, तर महिन्याभरात पोपडे येतात. जुने पोपडे खरवडून मगच चुना किंवा रंग द्यावा. कड्या-कोयंडे, खिडक्यांच्या जाळ्या बघाव्यात आणि कुलूप नवं घालावं. जुन्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हे आपल्यालाही ठाऊक नसतं.

तिसरं काम कागदाचं. 'अकरा महिन्यांचा करार, त्याला नोंदणी कशाला?' असं पुष्कळजण म्हणतात. ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी आता संगणकावरून घरबसल्याही होते. भाड्याची पावती द्यावी, तोही भाडेकरूचा हक्क आहे. पोलीस ठाण्यात त्याची माहिती कळवावी.

किल्ली देताना दोघांनी मिळून खोली फिरून बघावी. पंखे, नळ, काचा, मीटरचा आकडा कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. डिपॉझिट परत देताना होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

या सगळ्याला आठ-दहा दिवस जातात, तेवढ्या दिवसांचं भाडं बुडतं. बुडू द्या. आपल्या खोलीत दुसऱ्याची लेकरं निजणार आहेत, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे ते भाडं बुडालं असं वाटत नाही.

— एक सभासद