अल्टरनेटर बंद ठेवला तर पेट्रोल किती वाचेल?

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला गर्दी लोटली की आजूबाजूच्या रस्त्यांवर गाड्या नुसत्या रेंगाळतात. चाकं थांबलेली, पण दिवे, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, इंधनपंप सगळं चालू. ही वीज अल्टरनेटर तयार करतो आणि त्याला पट्ट्यावरून फिरवतं ते इंजिन. सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पायडल कसं जड व्हायचं? इंजिनाचंही तेच.

मग तो बंद ठेवून घरी चार्ज केलेल्या जादा बॅटरीवर काम भागवलं तर? मायलेजचे काही शौकीन हे करतात.

लहान गाडी रात्री 400 वॅट ओढते असं धरू. अल्टरनेटर पट्ट्याच्या ताकदीपैकी साधारण 60 टक्क्यांचीच वीज करतो आणि इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतं. लिटरमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा; म्हणजे तासाला पाव लिटरहून थोडं जास्त पेट्रोल नुसत्या विजेपायी जातं. कोंडीत हे थोडं नाही.

पण बॅटरी कुठली? गाडीतली 35 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर तासभर पुरते. ती स्टार्टरला क्षणभर जोर द्यायला बनवलेली. रोज रिकामी केली तर लवकरच मान टाकते. इन्व्हर्टरची 150 ची ट्युब्युलर निम्मी वापरली तरी दोन तास निघतात, पण वजन 50 किलोच्या वर आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा बंद डिकीत चार्जिंग नकोच. विजेचा खर्च वजा जाता दोन तासांमागे चाळीसेक रुपये सुटतील. बॅटरीची किंमत मात्र हजारांत.

खरी गोम पट्ट्यात आहे. अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. अल्टरनेटर थांबवायला पट्टा काढलात की इंजिन तापणार, आणि हेड गॅस्केटचं काम निघालं की वर्षाची बचत गॅरेजवाल्याच्या खिशात.

मारुती सुझुकीनं 2015 मध्ये डिझेल सियाझला दिलेली एसएचव्हीएस यंत्रणा जास्त शहाणी: ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या गतीतून वीज करायची, सिग्नलला इंजिन आपोआप बंद. 2018 च्या पेट्रोल सियाझला तर दुसरी, लिथियम-आयन बॅटरीही मिळाली.

जुन्या गाडीत हा खटाटोप करू नका. सिग्नल लांबला तर इंजिन बंद करा. आणि चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर हाच पट्टा तुटलेला असू शकतो; तापमानाचा काटा बघत गाडी आधी बाजूला घ्या.