वरणाचें पाणी आणि बाळाचें अन्न

६ महिन्यांचें बाळ आईच्या दुधावर गुटगुटीत दिसत असतां अन्नाची घाई कशाला, असा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो. कारण मुख्यतः लोहाचें आहे. जन्मतां मिळालेला लोहाचा सांठा सुमारें ६ महिन्यांत सरूं लागतो आणि आईच्या दुधांत लोह फार थोडें असतें. उष्टावणाचा मुहूर्त पूर्वजांनीं याच सुमारास धरला, याचें मला कौतुक वाटतें.

परंतु मुहूर्त साधून आपण वाटींत काय घालतों? वरणाच्या वरचें पाणी! बाळाचें पोट लहान. तें पाण्यानेंच भरलें, तर सत्त्व जावें कोठें? डाळ तळाशीं राहते, ती थोरांच्या पानांत पडते. तीच मऊ शिजवून, भाताबरोबर घोटून, थोडें तूप घालून बाळास द्यावी. चमचा तिरपा केला असतां ओघळूं नये इतकी दाट. लिंबाचे दोन थेंब पिळल्यास डाळींतील लोह अधिक अंगीं लागतें. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं अंडें, मासळी, मांसही पुरतें शिजवून, बारीक करून द्यावें.

आरंभीं २-३ चमचे, दिवसांतून २-३ वेळां. मीठ-साखर नको. मध तर वर्षाच्या आंत चाटवूंच नये, मग आजीबाई रागावल्या तरी चालेल. त्यांतील जंतुबीजांनीं तान्ह्यास घातक विषबाधा होऊं शकते.

बाळानें घांस थुंकला, तर दुसरे दिवशीं पुन्हां द्यावा. अंगावरचें दूध मात्र २ वर्षांपर्यंत व पुढेंही चालूं ठेवावें.