थरथरीचं माप

दिवाळीच्या तोंडावर भरणाऱ्या ग्राहकपेठांत आणि मॉलच्या मधल्या चौकात मसाजच्या खुर्च्यांशेजारी हल्ली एक बुटकी काळी फळी मांडलेली असते. वजनकाट्यापेक्षा थोडी मोठी, वर रबराचा खडबडीत थर, बाजूला दोन रबरी पट्टे आणि एक रिमोट. विक्रेता वाटसरूंना आग्रहाने वर चढवतो. 'दहा मिनिटं नुसतं उभं राहा काका, तासभर चालल्याचा फायदा!' काका चढतात, गाल थरथरू लागतात, चष्मा नाकावरून घसरतो आणि भोवतीची मंडळी हसतात. त्यानंतर फायद्यांची यादी सुरू होते: चरबी जाते, साखर उतरते, गुडघे सुटतात, हाडं बळकट होतात.

यादीतलं सगळंच खोटं नाही, आणि गोंधळाचं खरं कारण तेच आहे. संपूर्ण शरीराला कंप देण्याच्या या उपचारावर गेली पंचवीस वर्षं गंभीर संशोधन चाललं आहे. पण प्रयोगशाळेतला कंप आणि पेठेतला कंप यांत बराच फरक असतो, आणि तो खोक्यावर लिहिलेला नसतो.

कल्पना तशी जुनी. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले मज्जाविकारतज्ज्ञ जाँ-मार्तँ शार्को यांच्या ध्यानात आलं, की कंपवाताचे रुग्ण रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आले की आपल्याला बरं वाटतं असं सांगतात. शार्कोंनी मग हादरे देणारी खुर्चीच करवून घेतली आणि 1892 मध्ये तिच्यावर व्याख्यान दिलं. त्यांचे शिष्य जिल द ला तुरेत यांनी तर थरथरणारं शिरस्त्राणही तयार केलं. पुढच्याच वर्षी शार्को वारले आणि खुर्ची मागे पडली. शिकागोच्या संशोधकांनी 2012 मध्ये तो प्रयोग आजच्या पद्धतीने करून पाहिला. एका गटाला कंप देणारी खुर्ची, दुसऱ्याला तशीच खुर्ची, पण कंपाशिवाय, नुसते शांत आवाज ऐकवणारी. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, जवळपास सारखीच. आरामात बसायला मिळालं, कुणीतरी आपुलकीने लक्ष दिलं, यानेही माणसाला बरं वाटतं. हा निकाल या विषयातला प्रत्येक दावा वाचताना जवळ ठेवावा.

आता मापाकडे येऊ. कंपाची मुख्य मापं दोन. फळी सेकंदाला किती वेळा हलते ते हर्ट्झमध्ये मोजतात, आणि मधल्या जागेपासून किती सरकते ते मिलिमीटरमध्ये. या दोहोंतून तिसरं माप निघतं: अंगावर येणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे. त्याला 'जी' म्हणतात. गंमत अशी की हर्ट्झ दुप्पट केले तर झटका दुप्पट होत नाही, चौपट होतो. 30 हर्ट्झला फळी मधल्या जागेपासून 2 मिलिमीटर सरकत असेल, तर झटका सुमारे 7 जी इतका भरतो. हाडांवरच्या बहुतेक नावाजलेल्या प्रयोगांत वापरला गेला तो 0.3 जी. तेवढ्यासाठी 30 हर्ट्झला फळी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी हलावी लागते, म्हणजे डोळ्यांना ती स्थिरच दिसते. सरळ वर-खाली हलणाऱ्या फळीवर झटका 1 जीच्या पुढे गेला, की तळवे क्षणभर फळीवरून सुटतात आणि पुन्हा आपटतात, सेकंदाला तीस वेळा.

म्हणजे दोन्ही यंत्रांना नाव एकच आणि डोसात वीसपटीहून जास्त अंतर. औषधाच्या गोळीत असं चाललं असतं का? पेठेतल्या बऱ्याच यंत्रांवर तर हर्ट्झ लिहिलेलेच नसतात, नुसता 1 ते 99 असा 'स्पीड' असतो. 40 वर म्हणजे किती हर्ट्झ, असं मी एका स्टॉलवर विचारलं. उत्तर आलं, 'काका, 99 पर्यंत जातं.' संशोधकही या बाबतीत फार वेगळे नव्हते. कुणी मधल्या जागेपासूनचं अंतर छापायचे, कुणी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं, आणि वाचणाऱ्याचा हिशेब दुपटीने चुकायचा. शेवटी 2010 मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेला आकडे कसे नोंदवावेत याच्या शिफारशी काढाव्या लागल्या.

हाडांची आशा मेंढ्यांपासून सुरू झाली. न्यू यॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातले क्लिंटन रुबिन यांनी प्रौढ मेंढ्यांना वर्षभर रोज 20 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, मागचे पाय 30 हर्ट्झ आणि 0.3 जीच्या फळीवर ठेवून उभं केलं. मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीदार भागाची घनता सुमारे 34 टक्क्यांनी वाढली. 2001 मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं आणि खळबळ उडाली. हाडाला जिवंत राहायला भार लागतो हे आधीपासून माहीत होतं. अंतराळवीराला भार नसतो, म्हणून त्याच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतं. पण इतका सूक्ष्म भारही हाडाला पुरतो, हे नवीन होतं.

मग माणसांवरच्या चाचण्या आल्या आणि उत्साह ओसरू लागला. टोरंटोत पाळी गेलेल्या 202 स्त्रियांपैकी काहींनी वर्षभर रोज 20 मिनिटं 30 किंवा 90 हर्ट्झच्या फळीवर उभं राहून पाहिलं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सगळ्यांनाच होतं. 2011 मध्ये निकाल आला: फळीवर उभ्या राहिलेल्यांत आणि न राहिलेल्यांत हाडांच्या घनतेचा फरक नाही. बॉस्टनच्या चाचणीत 174 वृद्ध होते, सरासरी वय ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांनंतर, 2015 मध्ये, तिथेही उत्तर तेच. बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथे 2004 मध्ये खुब्याची घनता जेमतेम एक टक्क्याने वाढल्याचं दिसलं होतं. पण तिथे जोरदार कंप होता आणि त्याच्या जोडीला फळीवर उठबशांसारखे व्यायाम होते. श्रेय कोणाला द्यायचं?

तरी हाडांचा विषय पूर्ण मिटलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कंबरेला बांधायच्या एका कंपनपट्ट्याला परवानगी दिली. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ व्हायला लागलेल्या स्त्रियांसाठी, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. पण तो पट्टा नेमका कमरेच्या हाडाशी कंप देतो. त्याचा दाखला उभं राहायच्या फळीच्या जाहिरातीत लावणं ही चलाखी झाली.

मला सगळ्यात विचार करायला लावणारा निकाल हाँगकाँगचा वाटतो. साठीच्या पुढच्या 710 स्त्रिया, दीड वर्ष, 35 हर्ट्झ, 0.3 जी, आठवड्यातून पाच दिवस 20 मिनिटं. हाडांच्या घनतेत काहीच हाती लागलं नाही. पण फळी वापरणाऱ्यांपैकी 18.6 टक्के जणी त्या काळात पडल्या किंवा त्यांचं हाड मोडलं, तर न वापरणाऱ्यांत हे प्रमाण 28.7 टक्के होतं. पायांची ताकद आणि तोल सुधारला होता. रोज घराबाहेर पडून केंद्रावर जाण्याचाही त्यात वाटा असेल, अशी शंका मला येते, कारण दुसरा गट आपल्या नेहमीच्या दिनक्रमातच होता. तरी म्हातारपणी खुब्याचं हाड मोडतं ते बहुधा न्हाणीघरात पाय घसरून. पडणं टळलं, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीच्या अहवालातला आकडा तसाच राहिला म्हणून काय बिघडलं?

तोल सुधारण्यामागचं कारण स्नायूंत आहे. स्नायूत त्याच्या ताणाची खबर मज्जारज्जूला देणारे बारीक तंतू असतात. कंप आला की त्यांना वाटतं स्नायू ताणला जातोय, आणि स्नायू आपोआप आखडतो. स्वीडनमधल्या हागबार्थ आणि एकलुंड यांनी 1966 मध्ये या प्रतिक्षिप्त क्रियेचं वर्णन केलं. म्हणजे ज्याला स्वतःहून स्नायू पुरेसे आवळता येत नाहीत, त्याच्याकडून फळी थोडंसं काम करून घेते. म्हणूनच हिचा खरा उपयोग अशक्त माणसाला आहे. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात मेंदूच्या पक्षाघाताने (सेरेब्रल पाल्सी) चालणं अवघड झालेल्या मुलांसाठी सहा महिन्यांचा कार्यक्रम चालवतात. त्यात मुलं घरी अशा फळीवर सराव करतात आणि अधूनमधून केंद्रावर येऊन राहतात. फुप्फुसाच्या जुनाट विकाराने दम लागणाऱ्यांना व्यायामाच्या जोडीला फळी दिल्याने चालण्याची क्षमता थोडी वाढल्याचंही जर्मनीतच दिसलं. बर्लिनमध्ये निरोगी तरुणांना 56 दिवस अंथरुणाला खिळवून ठेवलं. त्यांतल्या ज्यांनी कंप आणि प्रतिकार असा एकत्र व्यायाम केला, त्यांच्या पोटऱ्या बऱ्याच शाबूत राहिल्या.

उलट, धडधाकट माणसाच्या पोटाचा घेर कमी करण्याची गोष्ट उंदरांवरून आली आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टा विद्यापीठाने जनुकीय दोषामुळे लठ्ठ आणि मधुमेही झालेल्या उंदरांना बारा आठवडे रोज 20 मिनिटं कंप दिला. त्यांना ट्रेडमिलवर पळवलेल्या उंदरांसारखाच काही फायदा झाला, आणि 'व्यायामाशिवाय व्यायाम' असे मथळे जगभर झळकले. या उंदरांत भूक आवरणाऱ्या लेप्टिनचा संदेश पोचतच नाही. आपल्यापैकी फारच थोडे असे असतात. फळीवर उभं राहून खर्च होणारी ऊर्जा साध्या चालण्याच्या आसपास भरते. दहा मिनिटांत तासाचं काम होत नाही.

धोक्यांविषयी विक्रेता गप्प असतो आणि घाबरवणारे अतिशयोक्ती करतात. रोज तासन्‌तास हादरे बसणाऱ्यांची कंबर दुखते, हे ट्रॅक्टर आणि बसच्या चालकांवरून कामगार-आरोग्याच्या तज्ज्ञांना पक्कं ठाऊक आहे. माणसाचं धड साधारण 4 ते 8 हर्ट्झला सगळ्यात जास्त डोलतं, आणि खराब रस्त्यावरच्या सीटमधून येणारे हादरे नेमके त्याच टप्प्यातले. युरोपच्या 2002 च्या नियमात आठ तासांच्या कामासाठी 1.15 मीटर प्रति वर्ग सेकंद ही मर्यादा घातलेली आहे. ती मोजताना वेगवेगळ्या हर्ट्झना कमीजास्त भार देतात, त्यामुळे फळीशी थेट तुलना होत नाही. पण रुबिन यांच्याच सहकाऱ्यांनी 2013 मध्ये बाजारातल्या यंत्रांची मोजणी छापली तेव्हा काही यंत्रं अवघ्या काही मिनिटांत सुरक्षिततेची रेषा ओलांडत होती. सौम्य यंत्रं तिच्या खूप आत होती.

सगळ्यात जपायचं ते डोकं. गुडघे ताठ ठेवून उभं राहिलं की कंप थेट कवटीपर्यंत पोचतो, थोडे वाकवले की पाय तो गिळून टाकतात. तराजूच्या पारड्यांसारखा एकदा डावा, एकदा उजवा पाय उचलणारी फळी डोक्याला तुलनेने कमी हलवते. 2010 मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेली कृत्रिम भिंगं अशा फळीनंतर जागची हलल्याची दोन प्रकरणं नोंदली गेली. पुढच्या वर्षी डोळ्यात रक्तस्राव झाल्याचं एक. मोजकीच प्रकरणं, पण आपल्याकडे फळीवर चढणाऱ्या वयात बऱ्याच मंडळींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं आणि अनेकांना मधुमेहामुळे पडद्याचा त्रासही असतो. पेठेत हे कुणी विचारत नाही. मुतखडा किंवा पित्ताशयातले खडे, पायात रक्ताची गाठ, पेसमेकर, फिट्स, ताजं ऑपरेशन किंवा मोडलेलं हाड, नुकतीच सरकलेली चकती, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. गरोदरपणी तर फळीच्या वाटेला जाऊच नये.

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला वर चढवलं तेव्हा चपला काढायला लावल्या. मऊ तळव्याची चप्पल कंप खाऊन टाकते. समोरचा दांडा हलक्या हाताने धरायचा, गुडघे वाकवायचे, भार टाचांवर नाही तर पावलाच्या पुढच्या भागावर. अर्धा मिनिट कंप, एक मिनिट विश्रांती, असं पाच वेळा, आणि त्या अर्ध्या मिनिटात सावकाश अर्धी उठबस. उतरल्यावर पोटऱ्यांना इतकी खाज सुटली की मी खाली वाकलो. 'कातडीतलं रक्त वाढलं की होतं असं, खाजवू नका, जाईल,' बाई म्हणाल्या, आणि चक्कर येते का ते पाहण्यासाठी मला दोन मिनिटं खुर्चीवर बसवून ठेवलं. मग त्याच खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायला लावलं. हे घरी रोज करायचं आणि फळी फक्त आठवड्यातून दोनदा, त्यांच्यासमोर.