विश्लेषण : अनुभवी पिचरसाठी उगवता खेळाडू द्यावा का?

अमेरिकी बेसबॉलचा हंगाम रंगात आला की विजेतेपदाच्या शर्यतीतले संघ अनुभवी 'स्टार्टिंग पिचर' शोधू लागतात. सामन्याची सुरुवात करणारा हा गोलंदाज साधारण पाच दिवसांतून एकदाच खेळतो. त्याच्या बदल्यात सहसा तरुण खेळाडू द्यावे लागतात.

ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. अलेक्झांडर ११ सामन्यांत उतरला. ९ विजय त्याच्या नावावर, पराभव एकही नाही. टायगर्सने टोरांटोला जेमतेम दोन सामन्यांच्या फरकाने मागे टाकत गटविजेतेपद पटकावले. मात्र पुढच्या फेरीत मिनेसोटाविरुद्ध अलेक्झांडरने दोन्ही सामने गमावले. स्मोल्ट्झ २१३ विजयांसह २०१५ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये पोहोचला.

हा सौदा आजही फसलेला मानला जातो. पण अलेक्झांडर नसता तर ते गटविजेतेपद मिळणे कठीणच होते. शर्यतीत मागे पडलेल्या संघाने असा सौदा केला, तर तो निव्वळ आतबट्ट्याचा.

२०१७ मध्ये याच टायगर्सने ३४ वर्षांचा जस्टिन व्हरलँडर ह्यूस्टनला देऊन तीन तरुण घेतले. ह्यूस्टनने त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली (संकेतचोरीचा डाग नंतर लागला, तो भाग वेगळा). त्या तिघांपैकी कोणीही स्मोल्ट्झ झाला नाही.